असुंताची भिंत

"पण फादर, इतका सरळ आलेला रस्ता इथेच कसा तुटला?"

तुलियोच्या प्रश्नावर फादर ओनोरातो काठीवर टेकून उभे राहिले. म्हातारे होते, चालून दमले होते.

रोमन लोकांनी बांधलेल्या प्राचीन रस्त्याने गुरुशिष्य पायी निघाले होते. रस्ता आता शेतांतून, माळांवरून जायचा. कुठे गवताखाली दडायचा, कुठे पुन्हा वर यायचा. तुलियोने त्याच्याबद्दल पुष्कळ वाचलं होतं. वाटेत भेटेल त्याला तो सांगायचा, की मठातून निघाल्यापासून आम्ही एकदाही हा रस्ता सोडलेला नाही.

आता मात्र समोर नुसते खड्डे होते. फरसबंदीचे दगड कुणीतरी उकरून नेले होते.

थोडं पुढे गेल्यावर ती दिसली. असुंता नावाची विधवा. एकटीच, छातीशी दगड धरून उताराने घराकडे निघालेली. ओढ्याच्या पुरात तिच्या घराची मागची भिंत वाहून गेली होती. तिथे एक घोंगडी टांगली होती. थंडी तोंडावर आली होती.

तुलियो तिला आडवा गेला. हे दगड तुझे नाहीत, म्हणाला. यांच्यावरून सैन्यं गेली, संत गेले. शेकडो वर्षं कुणी यांना हात लावला नाही, आणि तू एका भिंतीसाठी रस्ता मोडलास?

असुंताने दगड खाली ठेवला आणि त्याच्या शेजारीच बसली. तिची बोटं सोलवटली होती.



फादरनी काठी बाजूला ठेवली. वाकले. तो दगड उचलला आणि लटपटत उतार उतरू लागले.

तुलियो नुसता पाहत राहिला. मग त्याला ते पाहवेना. धावत जाऊन त्याने त्यांच्या हातातला दगड घेतला.

ऊन उतरेपर्यंत तुलियो रस्त्यावरचे दगड वाहत होता. फादर हाताशी देत होते, असुंता ते चिखलात बसवत होती. भिंत कमरेएवढी झाली तेव्हा ती आत गेली आणि गरम सूप घेऊन आली. पहिला वाडगा तिने तुलियोच्या हातात दिला. त्याने मान खाली घालून तो घेतला.

तरी त्याच्या मनातलं गेलं नव्हतं. वरच्या खड्ड्यांकडे बघत तो हळूच म्हणाला, "फादर, आपल्या मागून येणारे इथे चुकतील. रस्ता पुढे कुठे गेला, हे त्यांना कसं कळणार?"

फादर उंबऱ्यावर बसून सूप पीत होते…

"तिच्या दारात विचारतील," ते म्हणाले.