चाळीस खोल्या आणि एक हुकूम

पुरात भिवराची झोपडी वाहून गेली. भिवरा जातीची बुरडीण, सुपं-टोपल्या विणून पोट भरणारी. घरात ती आणि तिची ठार बहिरी सासू सोनाई, दोघीच. मकरंदराजांनी बेघरांसाठी वेशीजवळ चाळीस खोल्या बांधल्यात, हे तिच्या कानावर होतं. म्हणून म्हातारीला हाताला धरून ती थेट कचेरीत गेली.

कारभारी रघोपंतांनी तिला दारावरची शिळा दाखवली. महाराजांचे दोन नियम तिच्यावर कोरले होते. पहिला असा की, खोली फक्त नगरात राहणाऱ्यालाच मिळेल आणि त्यानं राहत्या जागेच्या मालकाची शिक्क्याची चिठ्ठी आणावी. दुसरा असा की, ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याला खोली मिळणार नाही.

"पंत, राहायला जागा असती तर मी इथं कशाला आले असते?" भिवरानं विचारलं.

"मला नको विचारूस बाई. शिळेला विचार."

तीन वर्षं त्या खोल्यांना कुलपं होती आणि आत पारवे घुमत होते. पंत दर महिन्याला वर्दी देत की, चाळीसच्या चाळीस खोल्या रिकाम्या आहेत. ते ऐकून महाराज खूश होत. आपल्या नगरात एकही माणूस बेघर नाही, असं पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगत.

भिवरा दरबारात गेली. महाराजांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं, पण गडी हट्टी. एकदा कोरलेलं अक्षर आपण पुसत नाही, असं त्यांनी बजावलं. तरी अन्याय नको म्हणून आठ दिवसांची मुदत दिली. दोन्ही नियमांत बसेल अशी चिठ्ठी आणली तर जागच्या जागी किल्ली. नाही आणली, तर सासूला घेऊन नगर सोडायचं. दरबारी मंडळी मिशीतल्या मिशीत हसली.

भिवरा दोन दिवस दारोदार फिरली. एका कुंभारानं आपली पडवी देऊ केली, चिठ्ठीही देतो म्हणाला. पण पडवी म्हणजे छप्पर आलं! देवळासमोरच्या पारावर राहावं तर वर छप्पर नाही, पण तिथला मालक देव. त्याचा शिक्का कुठून आणायचा? तिसऱ्या दिवशी पारावर बसून ती बराच वेळ विचार करत होती. मग एकाएकी उठली, सासूला उठवलं आणि बांबूंची मोळी डोक्यावर घेऊन राजवाड्याकडे निघाली.

राजवाड्यासमोरचं पटांगण फिर्यादी लोकांना खुलं असे. आत यायला कुणाला मनाई नव्हती, आणि उठायचं कधी, हे आजवर कुणी ठरवलं नव्हतं. भिवरानं भर पटांगणात तीन दगडांची चूल मांडली. महाराज दुपारचे जरा आडवे झाले की तिचा कोयता बांबू फोडायला लागे. सकाळी त्यांची पूजा सुरू झाली की खाली मिरचीची फोडणी पडे, आणि महाराजांच्या मंत्रांत शिंकाच जास्त होत. पाचव्या दिवशी ते सज्जात येऊन रागानं खाली बघत उभे राहिले, तेव्हा सोनाईला वाटलं, वाड्यावरचा कुणी गडी असेल. तिनं हात हलवून त्यांना एक घागर पाणी आणून द्यायला सांगितलं.

महाराजांनी लगेच शिपाई धाडला. भिवरानं हात जोडले. उठायला आपली काही हरकत नाही, म्हणाली, पण उद्या दुसरा कुणी येऊन, कुणाच्या हुकुमानं उठलीस म्हणाला, तर काय दाखवायचं?

"कुणाला उठवलं, कुठून उठवलं आणि उठवणारा त्या जागेचा कोण, एवढं लिहून आणा दादा. शिक्का मारून आणा. लगेच उठते."

महाराजांचा संताप एवढा होता की, त्यांनी पंतांना समोर बसवून तिथल्या तिथे मजकूर सांगितला, 'राजवाड्यापुढील उघड्या पटांगणात राहणारी भिवरा बुरडीण हिने आजच्या आज बिऱ्हाड हलवावे. जागेचे मालक, मकरंदराजे.' खाली शिक्का मारला.

भिवरानं तो कागद शिपायाकडून दोनदा वाचून घेतला, चूल विझवली आणि सासूला घेऊन तडक कचेरी गाठली. पंतांनी स्वतःचंच अक्षर वाचलं, शिळा वाचली, पुन्हा कागद वाचला. मग ते तिला दरबारात घेऊन गेले.

"हा तर तुला हाकलण्याचा हुकूम आहे," महाराज म्हणाले.

"होय महाराज. पण जिथं माणूस राहतच नाही, तिथून त्याला हाकलतं कोण? मी पटांगणात राहत होते, हे मालकानंच लिहून दिलंय. पटांगण उघडं आहे, तेही लिहिलंय. शिळेवर आणखी एखादा नियम असला, तर मला ठाऊक नाही."

महाराजांनी कागद वर धरला, खाली धरला, आणि एकदम असे हसत सुटले की त्यांचा मंदील कानावर आला. त्यांनी किल्ली मागवून स्वतः भिवराच्या हातात ठेवली आणि आणखी काय हवं ते माग, म्हणाले.

"महाराज, नदीकाठी अजून एकोणचाळीस बिऱ्हाडं उघड्यावर आहेत," भिवरा म्हणाली. "सकाळी त्यांना पटांगणात घेऊन येते. घटकाभर राहू द्या, आणि मग त्यांनाही हाकला."

महाराज पुन्हा पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी रघोपंत सकाळपासून लिहीत होते. महाराज शेजारी बसून एकेका हुकुमावर शिक्का मारत होते, आणि दर शिक्क्याला "निघा माझ्या पटांगणातून!" म्हणून हसत होते. दुपारपर्यंत वेशीजवळच्या सगळ्या खोल्यांतून चुलीचा धूर निघू लागला. भिवराला महाराजांनी जरीकाठी लुगडं दिलं, आणि कचेरीत खोल्या देण्याच्या कामावर पंतांच्या शेजारी तिची नेमणूक केली.