मेणाचे पाच हात

"पण पाचच का?"

दस्तगीर उस्तादांनी मेणाचा डबा तेवढा तिच्यापुढे सरकवला.

"दोन हात पुरतात, उस्ताद. मी वाचलंय."

"वाचलंस ते बरं केलंस. आता साच्याला लाव. पाच."

"एक हात लावायचा, तासभर थांबायचं, पुसायचं, मग दुसरा. म्हणजे पाच तास मी नुसती बसून राहू?"

"बसू नको. पूस."

म्हाताऱ्या माणसांच्या या सवयीची संयोगिताला मनापासून चीड होती. आधी का म्हणून विचारलं तर 'कर' म्हणतात, आणि केल्यावर 'का केलंस' म्हणून तेच विचारतात.

संयोगिता खराडे तेवीस वर्षांची. इंजिनिअरिंग झालेली, पहिल्या वर्गात, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. कॉलेजातल्या दोन मित्रांना जोडीला घेऊन तिने पाइप जोडून आणि एका जुन्या मोटारीचं इंजिन बसवून शर्यतीची गाडी बनवली होती. हौशी पोरांची शर्यत वर्षातून एकदाच व्हायची. गेल्या वर्षी गाडीला पत्र्याचं नाक, म्हणजे पुढचं तोंड, होतं. वजन एकोणीस किलो. तपासनीसाने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, रक्त आलेलं बोट तिला दाखवलं आणि गाडी परत पाठवली.

यंदाही परत पाठवली तर इंजिन विकून गाडीचा नाद सोडायचा, असं तिघांचं ठरलं होतं.

शर्यत रविवारी होती. आज बुधवार.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत उस्तादांची पत्र्याची शेड. चाळीस वर्षं ते फायबरचं काम करत आलेले. तिच्या गाडीसाठी त्यांनी दोन महिने खपून आधी प्लास्टर आणि पुट्टीचं नाक घडवलं, आणि मग त्यावरून फायबरचा साचा काढला; त्यात ते प्लास्टरचं नाक मोडलं. साचा आतून हिरवागार, आरशासारखा. चेहरा बघून घ्यावा असा.

त्या दोन महिन्यांत दोघांचं एकदाही पटलं नव्हतं. तिने लॅपटॉपवर वारा दाखवला होता. गाडीच्या अंगावरून निळ्या, पिवळ्या रेघा सुळकन मागे जात होत्या.

"झ्याक," उस्ताद म्हणाले होते. "आता हवेला इचारू या."

आणि त्यांनी लोकरीचे बोटभर तुकडे करून जुन्या पत्र्याच्या नाकावर चिकटपट्टीने लावले. गाडी माळावर पळवायला लावली. स्वतः मागून जीपमधून बघत आले. दिव्यांच्या वरच्या कडेला, तिच्या लॅपटॉपने जिथे सगळं ठीक म्हटलं होतं नेमकं तिथेच, धागे उभे राहून थयथयाट करत होते.

त्या रात्री तिला राग आला. सकाळी प्लास्टरच्या नाकाची कड गोल झालेली होती.

साचा पुरा झाला त्या दिवशी उस्ताद म्हणाले, "हा शेवटचा. डॉक्टर म्हणतोय, या वासातनं बाहेर पड, न्हाईतर छाती जायची." मग साच्यावरून हात फिरवत म्हणाले, "पण ह्याच्यातनं धा-वीस पोरांची नाकं निघतील. मी नसलो तरी."

साच्यांच्या वर भिंतीला, खिळ्यावर, एक जुनी हातोडी टांगलेली असे. फायबरच्या शेडमध्ये हातोडीचं काय काम, असं तिने एकदा विचारलं होतं.

"असू दे," एवढंच ते म्हणाले होते.

तर बुधवार.

अकराला उस्ताद छाती दाखवायला दवाखान्यात गेले. संयोगिताने पहिला हात लावला. तास थांबली. पुसला. दुसरा लावला. अर्धा तास थांबली. पुसला. साचा लखलखत होता. त्याच्यात तिचंच तोंड दिसत होतं, आणि ते तोंड म्हणत होतं, आणखी किती पुसशील बाई?

तिने डबा बंद केला.

साडेचारला उस्ताद आले.

"झाले?"

"झाले."

"पाच?"

"… पाच."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

नारिंगी रंगाचा थर तिने साच्यात मारला. तो सुकला तशी त्यावर फायबरची चटई अंथरली आणि रेझिन ओतायला घेतलं. उस्ताद तोंडाला ओला रुमाल बांधून दारातूनच सांगत होते.

"किती ओततीस! कापड भिजलं पायजे. बुडलं न्हाई पायजे."

"जास्त असलं तर मजबूत होईल ना?"

"जड हुईल. ताकद कापडात असती. रोलर फिरव. काढ."

"काढलं."

"अजून काढ."

तिने दात खाऊन रोलर दाबला. कडेने रेझिन पाझरून बाहेर आलं. इतकं होतं आत? तिला मनातून लाज वाटली, आणि तिने रोलर पुन्हा फिरवला.

गुरुवारी सकाळी नाक साच्यातून निघेना.

लाकडी पाचरी मारून झाल्या. फटीतून पाणी सोडून झालं. कॉम्प्रेसरची हवा मारून झाली. रबरी हातोड्याने चारी बाजूंनी ठोकून झालं. संयोगिताचे हात सोलवटले, केस तोंडावर आले. नाक साच्याला असं धरून होतं, जणू तिथेच जन्मलं होतं.

उस्तादांनी बोटाच्या पेराने साच्यावर इथे तिथे टकटक केलं. कान लावला.

"किती हात?"

संयोगिताने हातातली पाचर खाली ठेवली.

"दोन."

आता ते बोलतील, तिला वाटलं. बोलले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी तिला भांडता येत होतं. हे भांडायचंही काही ठेवत नव्हते.

तिला गणित कळत होतं. साचा वाचवायचा तर नाक कापून, खरवडून बाहेर काढायचं. मग साचा साफ करायला दोन दिवस, आणि नवं नाक घालायला रविवार कुठून आणायचा? नाक वाचवायचं तर साचा फोडायचा. उस्तादांचा शेवटचा साचा.

उस्ताद उठले. खिळ्यावरची हातोडी काढली. बाहीने पुसली.

"उस्ताद, नाक कापा." ती मधे आली. "चूक माझी आहे. तुमचा साचा राहू दे."

"रविवारी गाडीला काय लावशील?"

"नाही पळवणार."

"आन् इंजिन?"

तिने तोंडावरचे केस मागे सारले.

"इकडं ये," ते म्हणाले. "आतनं नाक धर. हलू द्यायचं न्हाई. कितीबी आवाज झाला तरी सोडायचं न्हाई."

"उस्ताद, नको…"

"धर."

तिने धरलं.

पहिला घाव काठावर बसला. हिरवी खपली उडून दारापर्यंत गेली. दुसरा. तिसरा. दोन महिन्यांची ती गोल कड, जिच्यासाठी ती त्यांच्याशी भांडली होती, एका घावात तुटली. उस्तादांना दम लागत होता. चार घाव घालायचे, भिंतीला टेकायचे, पुन्हा चार.

"द्या माझ्याकडे," ती म्हणाली. ती रडत होती, आणि रडताना दिसायची तिला अजिबात सवय नव्हती.

"तू धर."

"ही हातोडी…" काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली.

"माझ्या उस्तादाची. मालवणात होड्या करायचे." घाव. "त्यांनी एकदाच वापरली."

"कधी?"

"मी तुझ्याएवढा हुतो तवा."

घाव.

तिने नाक आणखी घट्ट धरलं.

बारा वाजता तिच्या हातात तिचं नाक होतं. नारिंगी. त्यावर ठिकठिकाणी साच्याचे हिरवे टवके चिकटून बसलेले, जिथे जिथे मेण कमी पडलं होतं तिथे तिथे. काट्याला टांगलं. पाच किलो सातशे.

"वजन बरं आलंय," उस्ताद म्हणाले, आणि झाडू घेऊन तुकडे गोळा करायला लागले.

शुक्रवार, शनिवार तिने नाक गाडीवर बसवण्यात घालवले. टवके घासायला वेळ नव्हता; लोकरीचे धागे तेवढे चिकटवले.

रविवारी तोच तपासनीस आला. त्याने तेच बोट कडेवरून फिरवलं. बोट उलटसुलट करून पाहिलं. मग हिरव्या ठिपक्यांकडे पाहिलं.

"हे काय डिझाइन आहे?"

"आमच्या उस्तादांचं आहे," संयोगिता म्हणाली.

"जा," तो म्हणाला.

चौदा गाड्यांत ती नववी आली. पण लांबच्या सरळ पट्ट्यावर, पाय पूर्ण दाबलेला असताना, तिने क्षणभर नाकावर लावलेल्या लोकरीच्या धाग्यांकडे पाहिलं. सगळे धागे निजले होते. एकही उठत नव्हता. वारा कुणाला न दुखवता निघून जात होता. त्या क्षणी तिला शर्यत आठवली नाही. दारात ओला रुमाल बांधून उभा असलेला एक माणूस आठवला, आणि हेल्मेटच्या आत ती मोठ्याने म्हणाली, "उस्ताद, बघा!"

सोमवारी ती नाक सोडवून, मांडीवर घेऊन, रिक्षाने उद्यमनगरला आली.

घरच्या लग्नात कुणाच्या पाया पडायला सांगितलं की आईशी वाद घालणारी ही मुलगी. शेडच्या दारात उस्ताद खुर्चीवर बसले होते. नाक तसंच छातीशी धरून ती वाकली.

"अगं अगं, सांभाळ," ते म्हणाले. "नाक आपटंल."

ती हसली. मग हसता हसता थांबली.

"उस्ताद, मी खोटं बोलले. तुम्ही एका शब्दानं…"

"कितवी आलीस?"

"नववी."

"धागं?"

"सगळे निजले होते."

उस्तादांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू कुणी खूप दिवसांनी घरी आलं होतं.

"तुमचा शेवटचा साचा होता तो," ती म्हणाली. "ती दहा-वीस पोरं… आता त्यांचं काय?"

ते उठले. शेडमध्ये गेले. साचा ज्या लाकडी घोडीवर असायचा ती रिकामी होती, पण झाडून पुसून ठेवलेली. त्यांनी घोडीवर हात थोपटला.

"ठेव."

तिने नाक घोडीवर ठेवलं. नीट बसलं.

ती बघत राहिली… नाकाकडे, घोडीकडे, कोपऱ्यात ठेवलेल्या नव्या रेझिनच्या डब्याकडे.

"ह्याच्यावरून? माझ्या नाकावरून साचा काढायचा?"

"मग कशावरनं?"

"पण तुम्हाला तर या वासात…"

"मी दारात बसतो की. हात तुझं."

"उस्ताद, पण यात माझ्या चुका आहेत. हे सगळे ठिपके."

"घास. घासून जातील तेवढ्या जातील."

"आणि राहतील त्या?"

"माझ्याबी हुत्या की साच्यात. तुला दिसल्या?"

नव्हत्या दिसल्या. त्या साच्यात तिला फक्त स्वतःचं तोंड दिसलं होतं.

दुपारपर्यंत तिने घासलं. हिरवे ठिपके गेले, एक सोडून. तो कडेजवळचा होता, जिथे वळण गोल झालं होतं. आणखी घासलं तर ते वळणच बिघडलं असतं. तिने तो राहू दिला. मग कुणी न सांगता मेणाचा डबा उघडला.

पहिला हात. तास. पुसला.

दुसरा हात. तास. पुसला.

तिसरा लावताना तिचा खांदा भरून आला. चौथ्याला ऊन दारातून आत आलं आणि नाक उजळलं. तिला उद्या-परवा येणारी पोरं दिसायला लागली. अशीच चुरचुरीत, घाईतली, वाचून आलेली. विचारतील, पाचच का?

"उस्ताद, सांगून ठेवते," पाचवा हात लावता लावता ती दाराकडे बघून म्हणाली. "या साच्यात जो कुणी काम करायला येईल ना, त्याला मी शेडमध्ये कोंडीन. पाच हात झाल्याशिवाय पाण्यालासुद्धा सोडणार नाही!"

दारातली खुर्ची करकरली. उस्ताद हसत होते, खोकला येईपर्यंत.

"कोंड की," ते म्हणाले. "… पण हातोडी जवळच ठेव."