दोलीनचे दरवाजे

युरोपच्या नकाशावर बोटाच्या पेराएवढी जागा व्यापणारा कार्वेन नावाचा एक डोंगराळ देश होता. वोर्ना नदी तिथे उगम पावायची आणि खालच्या चार देशांमधून वाहत समुद्राला मिळायची. नदीच्या मुखाशी लिंडमार नावाचा मोठा, श्रीमंत देश होता. त्याची राजधानी ऑस्टेन अगदी नदीकाठी वसली होती. तिथे आठ लाख माणसं राहत होती.

एका महापुरात ऑस्टेनमधली दोन हजार माणसं बुडाली, तेव्हा या पाच देशांनी मिळून एक करार केला. कार्वेनमधल्या दोलीन खोऱ्यापाशी नदीच्या काठाला मोठे लोखंडी दरवाजे बसवायचे. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं की कार्वेनने ते उघडायचे आणि पूर खोऱ्यातल्या मोकळ्या जमिनीवर सोडायचा. म्हणजे खालची शहरं वाचतील. दरवाजे बांधायचा खर्च इतर चौघांनी केला. खोरं मोकळं ठेवायची जबाबदारी कार्वेनने घेतली.

त्यानंतर तीस वर्षं पाणी खुणेपर्यंत आलंच नाही. लोक करार विसरून गेले. खोऱ्यातली जमीन कसदार होती. आधी तिथे गोठे उभे राहिले, मग घरं, मग शाळा. पाहता पाहता चार गावं झाली. घरं बांधायच्या परवानगीच्या कागदांवर जिल्ह्याच्या तेव्हाच्या प्रमुख ब्रांका तेसार यांची सही होती. याच ब्रांकाबाई पुढे देशाच्या पंतप्रधान झाल्या.

एका वर्षी डोंगरात फार बर्फ पडला. एप्रिलमध्ये ऊन अचानक तापलं, आणि वितळत्या बर्फावर चार दिवस पाऊस कोसळला. पाटबंधारे खात्याचा निरोप आला की परवा दुपारी पाणी खुणेला लागेल. निवडणूक तेव्हा चार आठवड्यांवर आली होती.

संसदेत गदारोळ झाला. त्यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तापाची मोठी साथ आली, तेव्हा लिंडमारने घाबरून आपल्या सीमा बंद केल्या होत्या. कार्वेनला येणारे औषधांचे ट्रक नऊ दिवस नाक्यावर उभे राहिले. त्या नऊ दिवसांत कार्वेनमध्ये तीनशे माणसं गेली. ही जखम अजून ओली होती.

विरोधी पक्षनेते रादिम कोलार उभे राहिले. ते म्हणाले, "आपली माणसं मरत होती तेव्हा लिंडमारला शेजारधर्म आठवला नाही. आज त्यांच्यासाठी आपली चार गावं का बुडवायची? लिंडमारने लिंडमारचं बघावं!" दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी बाकं वाजवली.

ब्रांकाबाईंनी मंत्र्यांची बैठक बोलावली. परराष्ट्रमंत्री हुशार गृहस्थ होते. त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, करार मोडायची गरजच नाही. दरवाजे तीस वर्षांत उघडलेले नाहीत. ते गंजले होते, प्रयत्न केला पण हलले नाहीत, असं कळवू. गावंही वाचतील आणि आपल्यावर ठपकाही येणार नाही."

ब्रांकाबाईंनी दोलीनच्या इंजिनिअरला सर्वांसमोर फोन लावला.

"दरवाजे उघडतात का?"

"उघडतात की! दर महिन्याला वंगण घालतो मी," इंजिनिअर म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

फोन ठेवल्यावर परराष्ट्रमंत्री म्हणाले, "त्याला समजावता येईल."

"त्याला येईल. मला कोण समजावणार?" ब्रांकाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्याला विचारलं, "दरवाजे बंद ठेवले तर काय होईल?"

"ऑस्टेनचा बांध हातभर बुडेल. खालच्या पेठांमध्ये लाखभर माणसं आहेत, दोन मोठी रुग्णालयं आहेत. त्या सगळ्यांना दोन दिवसांत हलवणं शक्य नाही."

"आणि दोलीनमध्ये?"

"अकराशे माणसं. त्यांना हलवता येईल."

ब्रांकाबाई धाडसी म्हणून प्रसिद्ध नव्हत्या. सगळ्यांना सांभाळून घेणारी बाई, अशीच त्यांची ओळख होती. दोलीनची गावं त्यांच्याच मतदारसंघातली होती. तिथल्या कितीतरी घरांत त्या जेवल्या होत्या. शेवटी त्यांनी लिंडमारचे पंतप्रधान हेंड्रिक वोस यांना फोन केला.

"दरवाजे उघडतील," त्या म्हणाल्या. "पण औषधांचे ट्रक तुम्ही अडवलेत, हे मी विसरलेले नाही. तेही आज सांगून ठेवते."

वोस एवढंच म्हणाले, "कळलं."

त्याच दिवशी ब्रांकाबाईंनी संसदेत एक कायदा मांडला. दोलीनच्या प्रत्येक कुटुंबाला वरच्या माळावर सरकारने नवं घर बांधून द्यायचं, मग सरकार कोणाचंही असो. दरवाजे उघडायला विरोध करणाऱ्या रादिम कोलारांच्या पक्षानेही या कायद्याला मत दिलं. कायदा मंजूर झाल्यावर त्या गाडीत बसल्या आणि थेट दोलीनला गेल्या.

शाळेच्या सभागृहात चारही गावं जमली होती. पुढच्या रांगेत बोझेना म्लिनार बसली होती. वय अडुसष्ट, सफरचंदांची बाग एकटीने राखणारी बाई. ब्रांकाला तिने लहानपणापासून पाहिलं होतं.

ब्रांकाबाईंनी काय होणार आहे ते सरळ सांगितलं. मग बोझेना उठली.

"ब्रांका, माझा नवरा औषधाच्या ट्रकची वाट बघत गेला. ट्रक कुणी अडवला होता?"

"लिंडमारने."

"आणि त्यांच्यासाठी मी माझं घर पाण्यात घालू?"

"त्यांनी केलं ते चूकच होतं, बोझेनाबाई. पण ऑस्टेनच्या खालच्या पेठांत जी माणसं झोपली आहेत, दवाखान्यात पडून आहेत, त्यांनी ट्रक अडवला नव्हता. त्यांना दोन दिवसांत बाहेर काढता येत नाही. तुम्हाला काढता येतं. माझ्याकडे एवढंच कारण आहे."

मागून एक माणूस ओरडला, "मग इथे घरं बांधायला परवानगी कुणी दिली?"

"मी दिली," ब्रांकाबाई म्हणाल्या. "करार मला माहीत होता. इतक्या वर्षांत पाणी आलं नाही, आता कुठलं येतंय, असं मला वाटलं. तुम्हालाही घरं हवी होती आणि मलाही तुमची मतं हवी होती. चूक माझी आणि भोगायची वेळ तुमच्यावर. याला माझ्याकडे उत्तर नाही. नवी घरं मिळतील, तसा कायदा झाला आहे. पण जुनं घर परत देता येणार नाही, हे मला कळतं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी शिव्याही दिल्या नाहीत. थोड्या वेळाने एक शेतकरी उठला आणि ट्रॅक्टर काढायला गेला. मग दुसरा उठला.

दीड दिवस रस्ता गाड्यांनी भरून वाहत होता. गाई, मेंढ्या, पलंग, शिवणयंत्रं, शाळेतली बाकं, सगळं माळावर चढलं. सैनिकांनी म्हाताऱ्यांना उचलून नेलं. बोझेना सर्वांत शेवटी निघाली. निघण्याआधी तिने घर झाडून काढलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. वाटेत ब्रांकाबाई उभ्या होत्या. बोझेना त्यांच्याकडे न बघता पुढे गेली.

खात्याने सांगितलेल्या दिवशी दुपारी पाणी खुणेला लागलं. दरवाजे उघडले. तासाभरात खोऱ्याचं तळं झालं. माळावर उभे राहून लोक आपापल्या घरांची छपरं शोधत होते. ब्रांकाबाईही तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या आजूबाजूला मोकळी जागा राहिली होती. कोणी जवळ जात नव्हतं.

ऑस्टेनमध्ये पाणी बांधाच्या वीतभर खाली येऊन थांबलं. कुठेही एकही माणूस दगावला नाही. दोलीनमधलं पाणी अकरा दिवसांनी ओसरलं, तेव्हा चार गावांत एकही घर राहण्यालायक उरलं नव्हतं.

निवडणुकीत ब्रांकाबाई हरल्या, आणि चांगल्याच हरल्या. दोलीनच्या चारही गावांत मिळून त्यांना एकोणीस मतं पडली. रादिम कोलार पंतप्रधान झाले. पूरकरार मोडून टाकू, हे त्यांचं मुख्य आश्वासन होतं. ब्रांकाबाईंनी त्यांच्या हाती कारभार सोपवला, अभिनंदन केलं आणि त्या घरी गेल्या.

ऑक्टोबर उजाडला आणि वेगळंच संकट आलं. पूर्वेकडच्या एका बलाढ्य देशाने भांडण उकरून काढलं आणि या पाचही देशांना गॅस पुरवणारी पाइपलाइन बंद केली. कार्वेनला ना समुद्र, ना बंदर, ना मोठा साठा. बारा दिवस पुरेल एवढाच गॅस शिल्लक होता. डोंगरावर बर्फ पडायला लागला होता.

पाच देशांची बैठक ऑस्टेनमध्ये भरली. सगळ्यांनी आपापले साठे एकत्र करावेत आणि गरजेप्रमाणे वाटून घ्यावेत, अशी सूचना पुढे आली. पण कोणाचा कोणावर भरवसा नव्हता. आज आपण गॅस दिला आणि उद्या आपल्यावर वेळ आल्यावर समोरच्याने हात वर केले तर? सर्वांत मोठा साठा लिंडमारकडे होता. हेंड्रिक वोस यांनी अट घातली की गॅस घेणाऱ्या प्रत्येक देशाने हमी द्यावी, आपली वीजकेंद्रं तारण ठेवावीत आणि आमचे निरीक्षक ठेवून घ्यावेत. दोन दिवस नुसती भांडणं झाली.

रादिम कोलार चार वकील घेऊन आले होते. तारणाची अट थोडी सैल करून मागायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ते बोलायला उभे राहिले, तेवढ्यात वोस म्हणाले, "कार्वेनकडून हमी नको."

इतर तिघे चिडले. त्यांच्यातले एकजण म्हणाले, "आम्हाला एक न्याय आणि त्यांना दुसरा?"

वोस मोजकं बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "एप्रिलमध्ये कार्वेनची निवडणूक चार आठवड्यांवर होती. आम्ही त्यांच्याशी वाईट वागलो होतो. दरवाजे बंद ठेवायला त्यांच्याकडे शंभर कारणं होती. तरी त्यांनी आपली चार गावं बुडवली आणि माझं शहर वाचवलं. एवढी हमी मला पुरते." मग ते रादिम कोलारांकडे वळले. "तुमचे औषधांचे ट्रक आम्ही अडवले ते चूक होतं. हे मी आधीच म्हणायला हवं होतं. आज सगळ्यांसमोर म्हणतो."

आपल्याला जो मान मिळतोय तो आपण कमावलेला नाही, हे रादिम कोलारांना कळत होतं. ज्या बाईला त्यांनी हरवलं होतं, तिने तो कमावला होता. करारातून बाहेर पडायच्या विधेयकाचा मसुदा त्यांच्या बॅगेत तयार होता. पुढच्याच आठवड्यात तो संसदेत जाणार होता.

बैठकीनंतर नवव्या दिवशी लिंडमारचा गॅस कार्वेनमध्ये पोचला. दवाखाने चालू राहिले, शाळा उबदार राहिल्या.

विधेयक मांडायच्या आदल्या दिवशी रादिम कोलार दोलीनच्या माळावर गेले. नवी घरं उभी राहिली होती. गावसमितीची प्रमुख म्हणून लोकांनी बोझेनाला निवडलं होतं. तिने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा पुढे ठेवला.

"बोझेनाबाई, करार मोडीन असं वचन मी तुम्हाला दिलं होतं," ते म्हणाले. "त्यावरच तुम्ही मला मतं दिलीत. आता तो मोडू नये असं मला वाटतं. पण तुम्हाला न विचारता मागे फिरलो तर ते बरोबर होणार नाही."

बोझेनाने स्वतःसाठी चहा ओतला, साखर घातली, ढवळला.

"मत दिलं ते रागाने दिलं," ती म्हणाली. "राग अजून गेलेला नाही. ब्रांकावरही आहे आणि त्या ऑस्टेनवाल्यांवरही आहे. पण माझं घर बुडालं ते देशाने दिलेल्या शब्दापायी बुडालं. आता तुम्ही तो शब्दच मोडलात, तर माझं घर फुकटच बुडालं म्हणायचं. तेवढं करू नका."

दुसऱ्या दिवशी रादिम कोलारांनी संसदेत विधेयक मागे घेतलं. एप्रिलमध्ये आपण जे बोललो ते चुकीचं होतं, हेही त्यांनी उभं राहून सांगितलं. त्यांच्याच पक्षाच्या काही लोकांनी आरडाओरडा केला. तो थांबेपर्यंत ते उभे राहिले, मग त्यांनी दुसरा ठराव मांडला. दोलीन खोऱ्यात यापुढे एकाही घराला परवानगी द्यायची नाही. तो एकमताने मंजूर झाला.

तात्पर्य: सोयीचा असेपर्यंत शब्द कोणीही पाळतो. संकटात, आपलं नुकसान सोसून आणि ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठीही जो देश शब्द पाळतो, त्याच्याच शब्दावर जग पुढे भरवसा ठेवतं.