धरणाची कळ आणि राजाचा घास

धरणाचे सगळे दरवाजे एक कळ दाबताच उघडले पाहिजेत, आणि तेही दसऱ्याच्या मुहूर्तावर, असा हुकूम दुर्जयराजाने सोडला. शेजारच्या राजाने म्हणे आपली कारंजी संगणकावर चालवली होती. तेव्हापासून आमच्या महाराजांना झोप नव्हती. हत्ती होते, तोफा होत्या, भाट तर गरजेपेक्षा जास्त होते. नव्हते ते फक्त सॉफ्टवेअर!

प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे म्हातारे प्रमुख दाजीबा. ते हात जोडून म्हणाले, की प्रोग्राम दसऱ्यापर्यंत लिहून होईलही, पण दरवाजे एकेक करून उघडून पाहायला वेळ उरणार नाही. महाराज भडकले. शुभकार्यात असले अभद्र बोलणे? दाजीबांची रवानगी तुरुंगात झाली. वर दवंडी पिटली गेली, की या कामात काही बिघडेल असे जो कोणी सुचवील, त्याचीही सोय तिथेच होईल.

त्या दिवसापासून काम फारच उत्तम चालू लागले. प्रधानजी रोज विचारत, कसे काय चालले आहे? रोज उत्तर मिळे, झकास. अर्धे झाले तरी झकास, अडून बसले तरी झकास. तेच झकास प्रधानजी राजाच्या कानावर घालत आणि शाबासकी घेऊन घरी जात. एरवी नाऱ्याला शुभ बोल म्हटले, तर तो मांडवाला आग लागली म्हणतो. इथे मांडव खरोखर पेटत होता आणि नाऱ्या मात्र शुभ बोलत होता.

दाजीबांच्या जागी त्यांचीच शिष्या येसू नेमली गेली. येसू कुंभाराची लेक, आणि कुंभारवाडा धरणाच्या अगदी पायथ्याशी. एखादा दरवाजा उघडला आणि मिटलाच नाही, तर मडक्यांबरोबर माणसेही वाहून जाणार होती. तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. दरवाजे हाताने बंद करायची जुनी चक्रे होती, त्यांना तेल घातले आणि प्रत्येक चक्रापाशी दोन धट्टीकट्टी माणसे बसवली. प्रधानजींना हे कळायला वेळ लागला नाही. चक्राला तेल म्हणजे कळीवर अविश्वास! येसूला पकडून ते थेट राजापुढे घेऊन गेले.

राजा नुकताच पाटावर बसला होता. शेजारी अन्न चाखणारा गडी उभा होता. ताटातला एकेक पदार्थ तो आधी खाई, थोडा वेळ थांबे आणि जिवंत राहिला की ताट पुढे सरके. राजाने येसूला विचारले, तुरुंगात जाण्याआधी काही सांगायचे आहे का?

येसू म्हणाली, "जाते महाराज. पण माझ्या आधी याला धाडा."

"याला? तो तर काही बोललाही नाही."

"मी तरी कुठे बोलले? मी चक्राला तेल घातलं. हा तर रोज दोन वेळा, आपल्यासमोर, आपल्या ताटात विष असेल असं सुचवतो. याहून अभद्र ते काय?"

चाखणाऱ्याचे तोंड चालायचे थांबले. राजाने रागाने त्याला बाजूला सारले, स्वतः मोठा घास उचलला आणि हात मध्येच थबकला. त्याने प्रधानजींकडे पाहिले. जेवण ठीक आहे ना, असे विचारले.

"झकास आहे, महाराज!" प्रधानजी सवयीने म्हणाले.

ते ऐकले आणि राजाने घास खाली ठेवला.

येसू म्हणाली, "आपण जेवणार, तर आधी एक जण चाखतो. दसऱ्याला कळ आपण दाबणार आणि पाणी गिळणार कुंभारवाडा. तिथं कुणी चाखायला नको?"

राजा पडेल आवाजात म्हणाला, की मुहूर्त तर चांगला आहे.

"मग दसऱ्यालाच उघडा की! फक्त त्या दिवशी प्रधानजींचा पाट कुंभारवाड्यात मांडा."

राजाने मान वळवली. "काय प्रधानजी, बसणार ना?"

प्रधानजींनी घाम पुसला. "महाराज... दसरा जरा फारच जवळ आला आहे."

राजा इतका हसला, की त्याला ठसकाच लागला! त्याच दुपारी दाजीबा सुटले आणि तारीख ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे गेला. येसूला राजाने आपल्या हातातले सोन्याचे कडे दिले. तिने ते आधी चावून पाहिले.