रिकामा बैल घाट उतरत नाही

फार वर्षं झाली त्याला. घाटात तेव्हा गाडीरस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, आणि घाटावरच्या सावरघळ गावाला मीठ यायचं ते बैलांच्या पाठीवरून. ते आणायची हौसाक्का. असं म्हणतात, की तिच्या बैलांची घुंगरं ऐकू आली की बाया चुलीवरची आमटी तशीच सोडून दारात यायच्या.

घाटाखाली मिठागर होतं आणि त्याच्या अलीकडे बाळोजी कुंभाराची भट्टी. वाटेत नदी ओलांडावी लागे, म्हणून मीठ यायचं तोंडाला मेण लावलेल्या मडक्यांतून. मडकी रिती झाली की अक्का ती माघारी न्यायची, फुटकी खापरंसुद्धा. बाळोजी खापरं कुटून नव्या मातीत मिसळायचा, आणि त्याची भट्टी पेटायची ती सावरघळीच्या भाताच्या तुसावर. "रिकामा बैल घाट उतरत नाही," असं अक्काचं बोलणंच होतं.

दारोदार जाऊन ती विचारायची, "रिकामं काय आहे गं?"

"आमचे हे आहेत की! नेतेस?"

"नेईन बाई, पण भरून आणायचे कशानं?"

शेजारी ठकूकाकी राहायची. मनाची वाईट नव्हती हो. पण पलीकडे भांडं पडलं, तर कुठलं पडलं ते बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कुंपणावरून अक्का तिला कमरेच्या वरच दिसायची. एकदा काय दिसलं, तर अक्का गोणीत तूस भरते आहे आणि मध्येच हात जोडते आहे. झालं. काकीच्या पोटात राहीना. पाणवठ्यावर बोलून गेली, "अगं, तूस म्हणजे धान्याचं पांघरूण. लक्ष्मी त्यातच असते. ही हात जोडून बोलावते तिला आणि नेते घाटाखाली!"

दिवस मावळायच्या आत गावानं तूस कोंडून ठेवलं, रिकामी मडकी माळ्यावर चढवली.

पावसाळ्याआधीची ती शेवटची खेप. अक्का सगळीकडे फिरली, सगळी दारं बंद. काकी फटीतून बघत होती, पण कडी काही काढली नाही. असं म्हणतात, रिकामे बैल घाटाच्या तोंडाशी बसून राहिले. अक्कानं त्यांच्या कानात काही सांगितलं, तेव्हा कुठे उठले.

खाली भट्टी थंड पडलेली. मिठागरवाला म्हणाला, "मीठ ढीगभर आहे, अक्का. नेणार कशात?"

गावानं पावसाळा अळणी काढायचा का? तिनं गोण्यांतच मीठ भरलं. पण नदीला बैलांच्या पोटापर्यंत पाणी होतं. पैलतीराला लागेस्तोवर मीठ विरघळून गेलं.

तरी ती वर आली. कुणाला शब्दानं बोलली नाही. दारोदार ओल्या गोण्या पिळत गेली, प्रत्येकीच्या पातेल्यात खारं पाणी. पहिलं दार ठकूकाकीचं. काकीला तेव्हाही राहवलं नाही. "तुसाला हात का जोडायचीस गं?"

"गोणीत उभं राहून पायानं दाबावं लागतं ना," अक्का म्हणाली. "धान्याचंच ते. पाय लागतो, म्हणून माफी मागते."

सगळी दारं झाली, तशी अक्का मडक्यांची काही सोय बघायला पुन्हा घाटाकडे निघाली. काकी माळ्यावर चढली, हाताला आलं ते मडकं काखेत मारलं आणि मागं धावली. घाटाच्या तोंडाशी उभी राहून घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. धुक्यातून थोडा वेळ घुंगरं वाजली, मग तीही थांबली. अक्का फिरून आली नाही.

असं म्हणतात, ते पिळलेलं पाणी गावाला दिवाळीपर्यंत पुरलं. काकीचं पातेलं तर आटलंच नाही. पण तिनं मरेपर्यंत त्यातला थेंबही आपल्या घासाला लावला नाही.

आता रस्ता झाला, मीठ पुड्यांतून येतं. तरी मृगाच्या आदल्या दिवशी सगळी सावरघळ अळणी जेवते. नवी सून असली तर पहिल्याच घासाला म्हणते, "आत्याबाई, मीठ विसरलात."

सासू ताटावरून मान वर करत नाही. म्हणते, "विसरले नाही गं. आपणच दारातून परत धाडलं."