राणीच्या रथाची पायरी

रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका डोंगराळ मुलखात एक राणी राज्य करत होती. तिला महालात बसून राहणं आवडत नसे. प्रजेची गाऱ्हाणी ऐकायला ती स्वतः रथात बसून गावोगाव जाई. घाटावरची गावं, नदीपलीकडचे पाडे, कुठलीच वाट तिने सोडली नाही.

रथही तसाच देखणा होता. शिसवी लाकूड, वर चांदीचं नक्षीकाम आणि आत मखमली बैठक.

रथ हाकणारा सारथी मात्र अगदी अबोल. चार माणसांत बोलायची वेळ आली की तो खाली बघू लागे. पण रथाची काळजी त्याच्यासारखी कोणी घेतली नसेल. मुक्काम पडला की आधी चाकांना वंगण, मग घोड्यांना चारा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःची भाकरी.

राणी म्हातारी झाली आणि एक दिवस देवाघरी गेली. जाताना तिने रथ सारथ्यालाच देऊन टाकला. म्हणाली, "माझं फिरणं संपलं. आता हा विकून तू तुझं बघ."

सारथ्याची थोरली बहीण दूर समुद्रकाठी, दुसऱ्याच्या पडवीत एकटी राहत होती. रथ विकायचा, तिच्या गावात दोन खोल्यांचं घर बांधायचं आणि उरलेले दिवस भावंडांनी मिळून काढायचे, एवढीच त्याची इच्छा होती.

तो रथ घेऊन बाजाराच्या गावी आला. तिथल्या दलालाने रथाभोवती एक फेरी मारली आणि पायरीपाशी थांबून तो हसला. चढता-उतरता पाय पडून पायरी मधोमध बशीसारखी खोलगट झाली होती. धरायची पितळी कडी झिजून बारीक झाली होती. बाजूच्या फळ्यांवर घाटातल्या खडकांचे ओरखडे होते.

"अहो सारथीबुवा, रथाची पायरी आहे की पाणवठ्याची?" दलाल म्हणाला.

"आतून ठणठणीत आहे," सारथी पुटपुटला.

"आतलं कोण बघतंय? पायरी बदला, कडी नवी लावा, ओरखडे घासून काढा. फार चाललाय का असं कोणी विचारलं, तर सांगा की छे, फिरायचा रथ वेगळा होता, हा राणीसाहेब सणासुदीलाच काढायच्या."

सारथ्याला ते पटलं नाही. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तेच त्याला कधी जमलं नव्हतं. शिवाय त्या दोन खोल्या डोळ्यांपुढे होत्याच. त्याने सुताराला बोलावलं.

बाजाराच्या दिवशी रथ असा चमकत होता की लोक त्यात आपले फेटे नीट करून घेत होते. घाटापलीकडून आलेली एक वैद्यबाई त्याच्यापाशी थांबली.

"मला बारा महिने घाटावरच्या गावांना औषधं न्यायची असतात," ती म्हणाली. "हा कधी घाट चढलाय का, दादा?"

सारथ्याने दलालाकडे पाहिलं. दलालाने नकारार्थी मान हलवली.

"नाही," सारथी खाली बघत म्हणाला. "फिरायचा रथ वेगळा होता. हा राणीसाहेब सणासुदीलाच काढायच्या."

वैद्यबाईने नव्या पायरीवरून हात फिरवला. "तसंच दिसतंय. मग माझ्या उपयोगाचा नाही."

सारथ्याने दचकून वर पाहिलं. "का हो बाई?"

"मागे असाच एक कोरा रथ घेतला होता. दिसायला नवरीसारखा. काही दिवसांतच चढणीवर त्याच्या चाकांचा आस मोडला आणि औषधं दरीत गेली. तापाने फणफणलेल्या पोरापाशी मी रिकाम्या हातांनी पोचले. तेव्हापासून मला झिजलेलाच हवा. झिजूनही जो उभा आहे, त्याच्यावर माझा भरवसा बसतो."

मग सारथी बोलू लागला. वर्षभरात बोलला नसेल इतकं तो एका दमात बोलला. रथ सगळे घाट चढला आहे, आस एकदाही मोडला नाही, पायरी कालच बदलली आहे, सगळं त्याने सांगितलं.

वैद्यबाईने शांतपणे ऐकून घेतलं. "दादा, मघाशी म्हणालात चढला नाही. मी नको म्हटल्यावर म्हणता चढलाय. यातलं कुठलं खरं धरू?"

"या दलालांना विचारा," म्हणत सारथी वळला, तर दलाल केव्हाच पुढच्या गाडीपाशी पोचला होता.

"मग आत्ता चला," सारथी परत तिच्याकडे वळून म्हणाला, " घाट चढून दाखवतो."

"एकदा तर कोराही चढतो. मला याची सगळी वर्षं बघायची होती, दादा. ती तुम्ही घासून टाकलीत."

ती पलीकडच्या कुंभाराकडे गेली. त्याची गाडी ओबडधोबड होती, ठिकठिकाणी खरचटलेली होती. "उतारावर डावीकडे ओढते हो," कुंभार आपणहून म्हणाला, "पण आजवर घरी आणलंय तिने."

"निदान कुठे ओढते ते तरी कळलं," वैद्यबाई हसून म्हणाली. तिने ती गाडी घेतली.

दिवस कलताना एक शेठ आला. "घरच्या वरातींपुरता हवाय. एरवी दारात उभा राहील. शोभेची वस्तू म्हणून काय द्यायचं ते देतो." सारथ्याच्या मनात जी किंमत होती, तिच्या निम्म्यातच रथ गेला. दलालाने आपली दलाली मात्र पुरती घेतली.

समुद्रकाठी घर झालं, पण एकाच खोलीचं.

"दोन म्हणाला होतास ना रे?" बहिणीने विचारलं.

त्याने घडलं तसं सगळं सांगितलं.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "जन्मभर एकच काम चोख केलंस, आणि कोणी विचारलं तेव्हा नेमकं तेच केलं नाही म्हणालास."

बहिणीने एक जुनं लुगडं काढलं. दोघांनी ते खोलीच्या मधोमध बांधलं, आणि त्या आडोशाच्या अलीकडे-पलीकडे त्यांचा संसार सुरू झाला.

म्हणून, लहानथोरांनो, कष्टांनी अंगावर आलेली झीज कधी लपवू नये. ती पुसून टाकली, तर आपल्या बाजूने साक्ष द्यायला कोणी उरत नाही.