हौदाच्या काठची माती

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मोजणारं कुणी उरलेलं नाही. एका राज्यात एक घाट होता आणि घाटाच्या माथ्यावर कुंभारांचं एक गाव होतं. गाव एवढंसं, पण त्याचा ताठा पाहण्यासारखा. आणि का नसावा? सात पिढ्या त्या घाटाची राखण याच गावाकडे होती. लुटारूंना अडवायचं, अस्वलांना पिटाळायचं, वाटसरूंना सुखरूप खाली उतरवायचं आणि रोज सकाळी माथ्यावरचा नगारा वाजवून साऱ्या मुलखाला सांगायचं की वाट मोकळी आहे. नगारा घुमला की खालच्या गावांतली माणसं म्हणत, कुंभार जागे आहेत. हे ऐकायला कुंभार कधीच कंटाळत नसत.

पण या मानाला एक अट होती. दर बारा वर्षांनी गावातल्या एकानं राजाच्या आखाड्यात राजा निवडेल त्या गड्याशी कुस्तीला उतरायचं. त्या राज्यात मुलगे कुस्ती खेळत तशा मुलीही खेळत, आणि राजाच्या आखाड्यात मुलीची जोड मुलीशीच लागे, तालमीत सराव मात्र सगळे एकत्र करत. गावाला जिंकायची सक्ती नव्हती. पाण्यावर तांब्याची एक भोक पाडलेली वाटी तरंगत ठेवत. ती भरून बुडेपर्यंत पाठ मातीला लागू द्यायची नाही, एवढंच. पाठ लागली तर राखण गेली, आणि नगारा दुसऱ्या गावाला गेला.

मागच्या खेपेला सटवाजी कुंभार उतरला होता आणि त्यानं गावाची लाज राखली होती. पुढे त्याचा उजवा खांदा कायमचा निकामी झाला. अस्वलाशी झटताना मोडला, असं तो सांगे, आणि गाव मान डोलवी. आता पुढची कुस्ती एका वर्षावर आली होती. या वेळी पंचांनी नाव घेतलं ते सटवाजीच्या मुलीचं, गोजराचं. सतरा वर्षांची पोर, पण लहानपणापासून चिखल तुडवून तुडवून पाय असे घट्ट झालेले की तिला जागची हलवायची म्हणजे दोघांचं काम. पंचांनी नाव घेतलं तेव्हा गोजराला दोन घास जास्त गेले, आणि नंतर झोप मात्र आली नाही.

कारण आधी तालीम निवडायची होती. आणि त्या मुलखाची रीत मोठी कडक. ज्या तालमीच्या वस्तादांनी आपल्या कुस्तीच्या हौदातली माती तुमच्या कपाळाला लावली, ती तालीम जन्माची. पुन्हा दुसरी माती लावता येत नसे. निवड चुकली तर चुकली, आणि इथे तर एकट्या गोजराची नाही, अख्ख्या गावाची चुकणार होती.

सटवाजीला मात्र विचार करायची गरजच वाटली नाही. तो स्वतः राजधानीच्या तालमीचा पठ्ठा. बारा वर्षं त्यानं ते ज्याला-त्याला ऐकवलं होतं; गावातल्या गाढवांनासुद्धा ते पाठ झालं असेल. त्यानं वस्तादांना भेट म्हणून नवा कोरा माठ भाजला, तो गाढवावर लादला आणि लेकीला घेऊन घाट उतरला.

वाटेत एक तालीम लागली. तिथले वस्ताद म्हणाले की ते सहा महिन्यांत गुप्त डाव शिकवतात. कोणता डाव, असं गोजरानं विचारलं, तर म्हणाले, तो गुप्त आहे. बापलेकीनं तिथं पाणी प्यायलं आणि पुढची वाट धरली.

राजधानीची तालीम पाहून गोजराचे डोळे दिपले. खोटं कशाला बोला, तुमचे-माझेही दिपले असते. दोन पुरुष उंचीचा दरवाजा, भिंतीला ओळीनं लावलेल्या, जिंकून आणलेल्या गदा, आणि मधोमध भला मोठा हौद. हौदात लाल माती, तिच्यावर गुलाबपाण्याचा शिडकावा. त्या मातीत बिजली नावाची मुलगी खेळत होती. एकीमागून एक पाच जणींना तिनं उचलून आपटलं आणि तिच्या कपाळावर घामही आला नाही. बघणारे वाहवा करत होते. सटवाजीनं लेकीकडे असं पाहिलं, जणू ती तालीम त्यानंच बांधली होती. वस्तादांनी गोजराचे पाय निरखले, मान हलवली आणि सकाळी माती लावू म्हणाले.

संध्याकाळी हौद रिकामा झाला तशी गोजरा त्याच्या काठाकाठानं फिरू लागली. कुंभाराची पोर ती. माती दिसली की बोट खुपसून पाहणार. हौदाच्या मध्यात तिचा हात मनगटापर्यंत आत गेला. माती लोण्यासारखी मऊ होती. मग ती काठाला आली, तिथं बोट खुपसलं आणि नख मोडलं.

काठावर एक मुलगी गुडघ्याला फडकं बांधत बसली होती. गोजरानं तिला विचारलं, तेव्हा कळलं ते असं. कुदळ फक्त मध्ये चालते, कारण मध्ये बिजली खेळते आणि पाहुणे तिकडेच बघतात. नवी पोरं-पोरी काठावर खेळतात. चांगली झाली की त्यांना मध्ये घेतात. आणि चांगली व्हायच्या आधीच मोडली तर घरी जातात. ती हे सांगताना हसत होती, म्हणजे तिलाही ती रीत बरोबरच वाटत होती.

गोजरानं काठावरचं एक ढेकूळ उकरून काढलं आणि धर्मशाळेत बापापुढे ठेवलं.

"बा, ही माती तू चाकावर घेशील का?"

सटवाजीनं ढेकूळ उचलायला उजवा हात पुढे केला. हात नेहमीसारखा अर्ध्यावर थांबला. त्यानं डाव्या हातानं ते उचललं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"माझा खांदा अस्वलानं मोडला नाही, गोजरे," तो म्हणाला. "याच काठावर मोडला. तालमीत आल्याला दोनच दिवस झाले होते. तसाच वर्षभर ओढला, कुस्तीत वाटी बुडेपर्यंत एका हातावर निभावलं, आणि मग पार गेला."

गोजरानं विचारलं की मग मला इथं का आणलंस. सटवाजीची मान खाली गेली. मोठ्या तालमीचा पठ्ठा म्हणवून घेत बारा वर्षं छाती फुगवली होती, तो म्हणाला, ती खाली कशी करायची तेच कळेना. आता बघा, हा माणूस कोण? जो आयुष्यात टोपलीभर माती दोनदा चाळल्याशिवाय चाकावर घेत नव्हता. आणि पोटची पोर ज्या मातीत टाकायला निघाला, तिला त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं. गोजराला त्याचा राग आला आणि लगेच त्याच्या खांद्याकडे पाहून रडूही आलं. दोन्ही आवरून तिनं माठ पुन्हा गाढवावर चढवला.

सकाळी वस्तादांना तिनं हात जोडून नाही म्हटलं. त्यांना हे नवीन होतं. माती न लावता इथून जाणारी तू पहिलीच, ते म्हणाले, आता जाशील कुठं? पडायला जागा असेल तिथं, गोजरा म्हणाली. बिजली खळखळून हसली. आखाड्यात पडायला जागा शोधणारी तिनं कधी पाहिली नव्हती.

पुढे आठ दिवस बापलेक वणवण फिरले. ज्या तालमीत गेले, तिथं गोजरा आधी काठाला बोट लावी आणि परत फिरे. नवव्या दिवशी ते नदीकाठच्या एका तालमीत पोचले. इथं दरवाजा असा नव्हताच, नुसता गलका होता. वस्ताद म्हणजे एक ठेंगणी, तिरसट बाई. तिनं या दोघांना बसासुद्धा म्हटलं नाही. एका जोडीकडे बोट करून ती ओरडत होती, आणि कशावरून? तर पाडणाऱ्यानं कुदळ उचलायला उशीर केला म्हणून.

गोजराला आधी काही उमगेना. मग ती बघत राहिली. एका गड्यानं दुसऱ्याला पाडलं, हात देऊन उठवलं, आणि कुदळ घेऊन दुसरा जिथं पडला होता ती जागा खणून भुसभुशीत केली. पुढच्या जोडीनंही तेच केलं. पाडलं की खणलं. दिवसभर असं चाले, त्यामुळे अख्खा हौद कोपऱ्यापर्यंत खणलेला होता. गोजरानं काठाशी हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला.

भिवा नावाचा एक काटकुळा विणकर तिथला सगळ्यांत कच्चा गडी होता. त्यानंच हसत तिला सांगितलं की चार महिने झाले, त्याच्या हाती एकदाही कुदळ आलेली नाही. पण येईल, तो म्हणाला, परवा अगदी थोडक्यात हुकली. हे सांगताना त्याची नजर कुदळीवर होती, राजधानीत सगळ्यांची गदांवर होती तशी. गोजरानं बापाकडे पाहिलं. सटवाजीनं माठ उतरवला आणि वस्तादबाईंच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी तो वाजवून पाहिला, पाण्यानं भरला आणि मगच गोजराच्या कपाळाला माती लावली.

पहिले पाच महिने गोजरा नुसती पडली. कुशीवर पडली, मांडीवर पडली, भिवानंसुद्धा तिला पाडलं आणि आपल्या आयुष्यातली पहिली कुदळ नाचत नाचत मारली. पण पडताना भीती वाटेनाशी झाली. पडायचं कसं, वळायचं कुठं, उठायचं केव्हा, हे अंगाला कळलं. सहाव्या महिन्यात एके दिवशी कुदळ तिच्या हातात आली. दांडा हजार हातांनी गुळगुळीत झालेला होता. तिला वाटलं, माथ्यावर नगारा वाजवणाऱ्याला असंच वाटत असेल.

वर्ष सरलं. राजाच्या आखाड्यात वाटी पाण्यावर ठेवली गेली आणि गोजरासमोर उभी राहिली बिजली.

पहिल्याच झटक्याला बिजलीनं तिला आपटलं. कुंभारांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा गोजरा कुशीवर वळून उभी होती. बिजलीनं पुन्हा पाडलं, ही पुन्हा उठली. तिसऱ्यांदा लोक हसले, पाचव्यांदा गप्प झाले, सातव्यांदा वाटीकडे बघू लागले. बिजलीला धाप लागली होती. तिनं पाडलेलं माणूस आजवर पडून राहत आलं होतं, त्यामुळे इतकी लांब कुस्ती तिला ठाऊकच नव्हती. नवव्यांदा पाडून ती दमली, आणि त्याच क्षणी गोजरानं तिला कंबरेत धरून उचललं.

बिजलीचे पाय जमिनीवरून सुटले. तिला पडायची सवयच नव्हती. घाबरून तिनं उजवा हात ताठ खाली रोवला, सगळा भार त्याच्यावर घ्यायला. गोजराला तो हात दिसला आणि त्या हातात तिला आपल्या बापाचा खांदा दिसला. सोडून दिलं असतं तर तो हात मोडून कुस्ती तिथंच संपली असती. तिनं सोडलं नाही. तो हात तिनं आपल्या छातीशी ओढून घेतला आणि बिजलीला घेऊन स्वतः खाली पडली, एका कुशीवर. बिजली तिच्या वरती आली. गोजराचा एक खांदा मातीत रुतला होता आणि दुसरा वीतभर वर होता. बिजली त्याला सगळ्या जोरानं दाबत होती. वीत सरली, चार बोटं उरली. पाण्यात टणकन आवाज झाला. वाटी बुडाली होती.

कुंभारांनी आभाळ डोक्यावर घेतलं. सटवाजी तर लहान पोरासारखा रडत होता. राजानं गोजराला जवळ बोलावलं आणि काय हवं ते माग म्हणाला.

"महाराज, एक कुदळ मिळेल का?" गोजरा म्हणाली.

लोकांना वाटलं, पोरीच्या डोक्याला मार लागला. पण कुदळ आणली गेली. जिथं तिनं बिजलीला पाडलं होतं, ती जागा गोजरानं नीट खणून मऊ केली. बिजली बघत होती. हे काय करतेस, तिनं विचारलं.

"आमच्या तालमीत जो पाडतो, तो खणतो," गोजरा म्हणाली, आणि 'आमच्या' म्हणताना तिची मान आपोआप वर झाली.

बिजलीनं आपल्या धड राहिलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि मग तो पुढे केला.

"मग दे ती इकडे. मी तुला नऊ वेळा पाडलंय."

आणि साऱ्या दरबारादेखत तिनं नऊ जागा खणल्या. दुसऱ्या दिवसापासून राजधानीच्या तालमीतली कुदळ काठापासून चालू लागली; बिजलीनंच ती सुरू केली, आणि वस्तादांना नाही म्हणता आलं नाही. सटवाजी घाट चढून घरी गेला, गावाला जमवून खांद्याची खरी हकिगत सांगितली आणि डाव्या हातानं नगारा वाजवला. आवाज नेहमीपेक्षा दूर गेला, असं कुंभार अजून सांगतात. कुंभारच ते, सांगणारच.

तात्पर्य: तालीम निवडताना तिथं जिंकणारा किती उंच उभा आहे ते पाहू नये, पडणाऱ्यासाठी माती किती खोल खणली आहे ते पाहावं.